दादरला बॅग पुढे घेता, मग पॅरिसला पाठीवर का?

दादरच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता माझी आई पर्स कशी धरते ते एकदा बघाच. पर्स पोटाशी, चेनवर हात, पदर वरून, आणि नजर अशी की शेजारच्या माणसाला उगाचच आपण चोर असल्यासारखं वाटावं. हीच आई पॅरिसला पहिल्याच दिवशी पर्स खांद्यावर मागे टाकून, चेन अर्धी उघडी ठेवून, "काय स्वच्छता आहे रे इथे" असं म्हणत निवांत फिरत होती. विचारलं तर म्हणे इथे कोण चोरणार, सगळे सुटाबुटातले लोक. आपल्याकडच्या नव्वद टक्के लोकांचं परदेशात हेच होतं. आपण भोळे नसतो हो, लोकलमध्ये आयुष्य गेलेलं असतं, पण विमानातून उतरलो की तीस वर्षांची सवय बेल्टवरच्या बॅगेसारखी मागे राहते.

आणि हे फक्त आपल्या मनाचे खेळ नाहीत, तिथल्या लोकांनाही या चोरांचा वैताग आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या लूव्र म्युझियमच्या कर्मचाऱ्यांनी पाकीटमारांना कंटाळून काम बंद ठेवलं होतं आणि म्युझियम एक दिवस चक्क बंद राहिलं. २०१५ च्या मे महिन्यात आयफेल टॉवर याच कारणाने काही तास बंद होता. रोमच्या स्टेशनात तिकिटाचं मशीन स्वतःच बोलून सांगतं की पाकीटमारांपासून सावध राहा. मशीनला कळतं, आपल्याला कळत नाही.

आम्ही दोन वर्षांपूर्वी चौघं गेलो होतो, मी, बायको आणि आई-बाबा, टूर कंपनीशिवाय, पॅरिस-रोम-प्राग-बार्सिलोना असे सोळा दिवस. त्यात आमचं एक पाकीट गेलं, एका दोऱ्याचे १० युरो गेले, बाकी सगळे परत आलो. खाली जे लिहितोय ते त्यातून शिकलेलं, शिवाय आमच्या आधी नि नंतर जाऊन आलेल्या नातेवाईकांनी ठेचा खाऊन सांगितलेलं.

निघायच्या आधी घरी बसून करायची कामं

पहिलं म्हणजे आपल्याकडची ती जुनी पद्धत, घरातला कर्ता पुरुष सगळ्यांचे पासपोर्ट, सगळी कार्डं, सगळे युरो एका काळ्या पाऊचमध्ये घालून तो पाऊच छातीशी धरून फिरतो. कृपा करून हे करू नका. तो एक पाऊच गेला की अख्खं कुटुंब रस्त्यावर. प्रत्येकाचा पासपोर्ट प्रत्येकाच्या अंगावर, पैसे तीन-चार ठिकाणी वाटलेले, आणि दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं दोन वेगळ्या माणसांकडे, एवढी वाटणी झालीच पाहिजे.

अंगावर म्हणजे कुठे? माझ्या आजोबांच्या बंडीला आतून चोरखिसा असायचा आणि आजी पैसे कनवटीला लावायची. तेव्हा आम्ही हसायचो, पण युरोपात तेच तंत्र लागतं. दुकानात कपड्यांच्या आत घालायचे पातळ पट्ट्याचे पाऊच मिळतात ते घ्या, किंवा शिंप्याकडून पँटच्या आतल्या बाजूला चेनवाला चोरखिसा शिवून घ्या. पाऊचबद्दल एकच, तो दिवसभरात बाहेर काढायचा नाही. लोक आत पाऊच घालतात आणि मग दर दोन तासांनी तिकीट काढायला भर चौकात शर्ट वर करून त्यातून नोटा काढतात, म्हणजे चोरालाच पत्ता दिल्यासारखं झालं. दिवसाच्या खर्चाचे ४०-५० युरो वेगळ्या पुढच्या खिशात ठेवायचे आणि तेवढेच गेले तर गेले म्हणायचं.

दुसरं, कार्ड. २०२० च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते आपण बँकेच्या ॲपमधून चालू करायचे. तिथेच लिमिट पण लावता येतं आणि हे बटण लोक फक्त जाताना एकदा वापरतात. मी रोज वापरायचो. लिमिट दिवसाच्या खर्चापुरतं ठेवायचं, हॉटेलचं बिल द्यायचं असेल तर तेवढ्यापुरतं वाढवायचं, ऑनलाइनवाला भाग गरज नसेल तर बंद. कारण परदेशी मशीनवर आणि वेबसाइटवर बऱ्याचदा ओटीपी विचारतच नाहीत, आपल्याला वाटतं ओटीपीशिवाय पैसे कसे जातील, तर तिथे आरामात जातात.

तिसरं फोनचं, आणि यात आपल्या लोकांची एक वेगळीच अडचण आहे. आपलं सगळं आयुष्य एका नंबरवर आहे, बँकेचा ओटीपी त्यावर, यूपीआय त्यावर, व्हॉट्सॲप त्यावर, विमानाचं तिकीट त्यावर. तो फोन रस्त्यात गेला तर कार्ड ब्लॉक करायला लागणारा ओटीपीसुद्धा चोराच्या हातात वाजतो. म्हणून घरात पडलेला एखादा जुना साधा फोन घ्या, भारतीय सिम त्यात टाका, रोमिंग चालू ठेवा आणि तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून द्या. हातातल्या चांगल्या फोनमध्ये तिकडचं सिम किंवा ई-सिम. सिमला पिन लावा, म्हणजे चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी चालणार नाही. आयफोनवाल्यांनी चोरी झालेल्या फोनच्या संरक्षणाचं सेटिंग चालू करून जा, २०२४ च्या जानेवारीतल्या अपडेटपासून ते आलंय, त्याने चोराला पासकोड माहीत असला तरी अनोळखी जागी तुमचा पासवर्ड लगेच बदलता येत नाही. आणि स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, कागदावर लिहून ठेवा, पोलीस तो विचारतात.

कागदावर म्हणजे खरोखरच्या कागदावर. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर, भारतीय दूतावासाचा नंबर, हॉटेलचा पत्ता, इन्शुरन्सचा पॉलिसी नंबर. पासपोर्ट आणि व्हिसाच्या रंगीत झेरॉक्स, दोन-तीन पासपोर्ट साइज फोटो, आणि हेच सगळं स्कॅन करून स्वतःला ईमेल आणि पुण्यातल्या बहिणीला व्हॉट्सॲप. आमच्या बाबांनी हा कागद लॅमिनेट करून आणला होता, हसू नका, उपयोगी पडला.

आता नाजूक विषय, मंगळसूत्र. आईशी यावर तीन दिवस वाद झाला. ती म्हणे चाळीस वर्षांत काढलं नाही, तुमच्या युरोपासाठी काढणार नाही. माझं म्हणणं एवढंच की गळ्यात जाडजूड पिवळं सोनं आणि हातात चार बांगड्या म्हणजे लांबून दिसणारी पाटी आहे, सोबत रोख रक्कमही असणार असं सांगणारी. शेवटी तडजोड झाली, मोठं मंगळसूत्र लॉकरमध्ये, गळ्यात काळी पोत आणि दोन छोट्या वाट्या, त्यावर स्कार्फ. थंडी होती त्यामुळे स्कार्फ असाही लागलाच असता.

रस्त्यावरचे डाव, जे तुम्ही आधीच पाहिलेत

मला तिथे गेल्यावर सगळ्यात गंमत याची वाटली की एकही डाव नवा नव्हता. फक्त भाषा वेगळी.

पॅरिसला सीन नदीच्या काठी, त्या बागांच्या बाजूला चालताना तुमच्या पुढचा माणूस अचानक वाकतो आणि सोन्याची अंगठी उचलतो, तुमची आहे का विचारतो, नाही म्हटलं तर म्हणतो तुम्ही नशीबवान, तुम्हीच ठेवा, आणि मग दहा पावलं गेल्यावर खायला पैसे मागतो. अंगठी पितळेची. आपल्याकडे एसटी स्टँडवर सापडलेलं सोन्याचं बिस्कीट अर्ध्या किमतीत विकणारा भेटतो ना, त्याचाच हा सख्खा भाऊ.

आयफेल टॉवरजवळच्या पुलावर आणि त्रोकादेरोच्या बाजूला तीन वाट्या नि एक गोळीचा खेळ चालू असतो. कोणीतरी बाई १०० युरो लावते आणि जिंकते, बाजूचा माणूस आनंदाने ओरडतो. गावच्या जत्रेत तीन पत्तीवाला पाहिलाय ना? जिंकणारी बाई त्यांची, ओरडणारा त्यांचा, आणि तुम्ही खेळत नाही फक्त बघताय म्हणून स्वतःला हुशार समजत असाल तर तुमच्या मागे उभा राहून खिशात हात घालणाराही त्यांचाच. त्यामुळे बघायलासुद्धा थांबायचं नाही.

बार्सिलोनाला खांद्यावर काहीतरी ओलं पडतं, पक्ष्याने घाण केल्यासारखं, आणि लगेच एक सभ्य जोडपं टिश्यू घेऊन पुसायला धावतं. पुसता पुसता पाकीट जातं. आपल्याकडे बँकेतून पैसे काढून निघालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर घाण टाकतात किंवा काका तुमच्या नोटा पडल्या म्हणतात, तेच. अंगावर काही पडलं तर पुसायचं नाही, कोणाला हात लावू द्यायचा नाही, तसंच चालत एखाद्या दुकानात शिरायचं आणि तिथे बाथरूममध्ये पुसायचं. शर्ट धुता येतो.

तोतया पोलीस तर आपल्याला तोंडपाठ आहेत, आजी पुढे दंगल झालीय दागिने काढून रुमालात बांधा. तिकडे साध्या कपड्यातले दोघं येतात, झटकन ओळखपत्र दाखवतात आणि म्हणतात खोट्या नोटा फिरतायत, पाकीट दाखवा. खरा पोलीस रस्त्यात तुमच्या पाकिटातल्या नोटा मोजत नाही. म्हणायचं, चला पोलीस स्टेशनला, तिथे दाखवतो, किंवा सरळ ११२ लावतो म्हणायचं, तो अख्ख्या युरोपियन युनियनमध्ये चालणारा इमर्जन्सी नंबर आहे. फोन कानाला लावला की दंगल लगेच शमते.

क्लिपबोर्डवाल्या मुली हा मात्र प्रकार आपल्याकडे तितका नाही. लूव्र, आयफेल, मोंमार्त्र सगळीकडे दिसतात, मूकबधिरांसाठी सही करा म्हणून पॅड पुढे करतात, कधी स्वतःच मुक्या असल्याचं दाखवतात. सही केली की देणगीचा रकाना दाखवतात, आणि पॅड तुमच्या छातीपाशी असताना त्याखाली काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही, तोच तर पॅडचा खरा उपयोग.

आणि आता आईचा दोरा. मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर नावाचं पांढरं चर्च आहे, तिथे पायऱ्यांच्या खाली काही माणसं रंगीत दोरे घेऊन उभी असतात. मी आई-बाबा दोघांनाही आधीच बजावलं होतं. पण झालं काय, तो माणूस हसत म्हणाला नमस्ते, इंडिया, शाहरुख खान, आणि आईने देवळात गुरुजींपुढे करतो तसा उजवा हात आपणहून पुढे केला! त्याने दोरा बांधला, गाठ मारली, आईने डोळे मिटून नमस्कार पण केला. मग तो म्हणाला २० युरो. दोरा निघत नाही, हात त्याच्या हातात, आजूबाजूला त्याचे अजून तीन भाऊबंद, बाबा लाल झालेले. शेवटी १० वर मिटलं. मी पुढच्या माणसांना सांगतो की त्या पायऱ्यांवरून जाताना दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घाला, किंवा बाजूने वर जाणारी छोटी केबल ट्रेन आहे ती पकडा, मेट्रोच्याच तिकिटांच्या सिस्टिममध्ये ती येते. तो दोरा आईने अजून काढलेला नाही, म्हणते चर्चपाशी बांधलाय, असू दे.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. त्यांचं भांडवल हातचलाखी नाही, आपली भीड आहे. कोणी हसून बोललं की न थांबणं आपल्याला उद्धटपणा वाटतो, परक्या देशात तर जास्तच. भीड भिकेची बहीण असं आपले लोक उगाच म्हणत नव्हते. पहिल्या पाच सेकंदात जो थांबला तो गेला, त्यामुळे उत्तर द्यायचंच नाही, नो थँक्यू पण नाही, नजर समोर आणि पाय चालू. सिग्नलला टाळ्या वाजवत कोणी आलं तरी आपण कसे समोर बघत बसतो, तसंच.

अजून एक, चोर चोरासारखा दिसेल ही अपेक्षा सोडा. कोणाच्या रंगावरून किंवा कपड्यावरून अंदाज बांधायला जाल तर साफ चुकाल. पॅरिस मेट्रोत मला एका फ्रेंच आजीने कोपराने ढोसून ज्यांच्यापासून सावध केलं त्या तिघी पंधरा-सोळा वर्षांच्या, कॉलेजच्या मुलींसारख्या, हातात टूरिस्ट मॅप घेतलेल्या होत्या.

मेट्रो, बस, ट्रेन

बाबांचं पाकीट इथे गेलं म्हणून जरा सविस्तर सांगतो. पॅरिसची मेट्रो लाइन १, लूव्रकडून येणारी, दुपारची गर्दी. आमच्या पुढचा माणूस दारात चढला आणि एकदम थबकला, जणू चुकीच्या गाडीत चढला. बाबा त्याच्यावर आपटले, मागून दोघं बाबांवर आपटले, सॉरी सॉरी झालं, तो पुढचा माणूस खाली उतरला, मागचे दोघंही उतरले, दार बंद. सगळं मिळून चार सेकंद. पाकीट पँटच्या मागच्या खिशात होतं, आणि हे ज्या माणसाने डोंबिवली फास्टमध्ये पस्तीस वर्षं पाकीट पुढच्या खिशात ठेवून काढली त्याच्या बाबतीत.

चोराला मिळालं काय, तर ३५ युरो, एक संपलेला रेल्वे पास आणि गजानन महाराजांचा फोटो. कार्ड त्यात नव्हतं, कारण वाटणी केलेली होती. बाबांना युरोंचं काही वाटलं नाही, फोटोचं फार वाटलं, आईशी लग्न व्हायच्या आधीपासून तो पाकिटात होता.

तर मुद्दा असा की धोका गाडीत बसल्यावर कमी आणि दारात सगळ्यात जास्त. चढताना, उतरताना, सरकत्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर जिथे पुढचा माणूस अचानक थांबू शकतो, तिकीट गेटमध्ये जिथे कोणीतरी तुम्हाला चिकटून आत येतो. अशा प्रत्येक ठिकाणी हात आपोआप बॅगेवर गेला पाहिजे. कोणी विनाकारण थबकलं किंवा धडकलं की सॉरी म्हणायच्या आधी खिसा चाचपा. दाराजवळच्या सीटवर बसून फोन बघत बसू नका, दार बंद व्हायच्या क्षणी हातातला फोन हिसकावून बाहेर उडी मारतात, आपली गाडी सुटलेली असते. आणि पाकीटमारांपासून सावध अशी पाटी दिसली की आपण सगळे नकळत पाकीट जागेवर आहे का ते चाचपतो आणि ते बघणारा समोर उभा असतो, त्यामुळे चाचपायचं तर सगळेच खिसे चाचपा!

एअरपोर्टवरून पॅरिस शहरात येणारी आरईआर बी ही ट्रेन, रोमची टर्मिनी स्टेशनपासून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस, बार्सिलोनाची एल३ मेट्रो आणि ला राम्ब्ला हा रस्ता, ही नावं लक्षात ठेवा, टाळायची नाहीत पण दादर समजून वागायचं. लांबच्या ट्रेनमध्ये मोठ्या बॅगा डब्याच्या टोकाला रॅकवर असतात आणि मधल्या स्टेशनवर कोणीही उतरताना एक उचलू शकतो, सायकलला लावतात तसली वायरची साखळी नेली तर दोन बॅगा एकमेकींना बांधून टाकता येतात. आपल्याकडे सीटखाली साखळी लावणारे काका आठवा, ते बरोबर होते. स्टेशनात कोणी स्वतःहून बॅग उचलायला किंवा तिकिटाच्या मशीनवर मदत करायला आलं तर नको, मदत हवी असेल तर काउंटरवर जायचं.

टॅक्सीचं थोडक्यात सांगतो. एअरपोर्टच्या आतमध्ये, सामान घेऊन बाहेर येताना टॅक्सी टॅक्सी करत जो तुमच्याकडे येतो त्याच्या मागे कधी जायचं नाही, बाहेर पाटी असलेल्या रांगेत उभं राहायचं. पॅरिसच्या चार्ल्स द गॉल एअरपोर्टहून शहरात यायचं भाडं सरकारने ठरवून दिलंय, २०२५ मध्ये नदीच्या उजव्या काठाला ५६ आणि डाव्या काठाला ६५ युरो. रोमच्या मोठ्या एअरपोर्टहून जुन्या शहरापर्यंतही असंच ठरलेलं भाडं आहे. बसायच्या आधी बोलून घ्या.

पैसे बदलणं आणि बिल

प्रागमध्ये युरो चालतात अशा समजुतीत जाऊ नका, तिथे कोरुना. जुन्या चौकाच्या आसपास मनी एक्सचेंजच्या काउंटरवर शून्य कमिशन लिहिलेलं असतं आणि रेट मात्र असा की कमिशन परवडलं. तिथे २०१९ च्या एप्रिलपासून एक छान कायदा आहे, १००० युरोपर्यंतचा व्यवहार असेल तर तीन तासांच्या आत पावती घेऊन परत जायचं आणि व्यवहार रद्द करून मागायचा, त्यांना द्यावाच लागतो. हे माहीत नसतं म्हणून लोक हळहळत बसतात. पण रस्त्यात उभा राहून चांगला रेट देतो म्हणणाऱ्याला हा कायदा कुठून लागणार, तो तर बेलारूसच्या बाद झालेल्या रुबलच्या नाहीतर हंगेरीच्या नोटा हातात टेकवतो, आपल्याला दोन्हींतलं काही वाचता येत नाही.

एटीएम बँकेच्या भिंतीतलंच वापरा, टूरिस्ट भागात दुकानांच्या दारात सुटी उभी असलेली मशीनं भरमसाठ चार्ज लावतात. आणि मशीनने किंवा दुकानदाराने विचारलं की रुपयात घेऊ की युरोत, तर युरोत. रुपयात आकडा दिसला की आपल्याला बरं वाटतं, पण त्या रुपयाचा रेट त्यांनी ठरवलेला असतो.

इटलीत बिलात कोपेर्तो म्हणून, म्हणजे टेबलवर बसायचा आकार म्हणून, माणशी दोन-तीन युरो दिसले तर भांडू नका, ती तिथली रीत आहे, मेनूत बारीक अक्षरात लिहिलेली असते. भांडायचं ते माशाच्या भावावर, तेही ऑर्डर देण्याआधी, कारण मेनूवर भाव १०० ग्रॅमचा असतो, त्याला ते एत्तो म्हणतात, आणि वेटर आणतो दीड किलोचा मासा. २०१८ च्या सुरुवातीला व्हेनिसमध्ये चार जपानी विद्यार्थ्यांना एका जेवणाचं ११०० युरोंच्या वर बिल लावल्याची बातमी जगभर गाजली होती. आम्ही शाकाहारी असल्याने या संकटातून वाचलो, पिझ्झ्याचं वजन करत नाहीत.

हॉटेलच्या कॅफेमध्ये फोन टेबलवर ठेवू नका. कोणीतरी येतो, मोठा कागद किंवा नकाशा तुमच्या टेबलवर पसरून पत्ता विचारतो, जाताना कागदाखालून फोन घेऊन जातो. बॅग खुर्चीच्या पाठीला लटकवायची नाही, पट्टा मांडीभोवती.

बँकॉक-फुकेतवाल्यांसाठी

युरोपापेक्षा आपले लोक हल्ली थायलंडला जास्त जातात म्हणून एवढं लिहितो. ग्रँड पॅलेसच्या बाहेर एक सभ्य गृहस्थ भेटेल आणि सांगेल आज सण आहे, पॅलेस दुपारपर्यंत बंद, तोवर २० बाटमध्ये टुकटुक तुम्हाला चार मंदिरं दाखवेल. पॅलेस बंद नसतो. तो रोज सकाळी साडेआठला उघडतो, तिकीट खिडकी साडेतीनला बंद होते, राजघराण्याचा समारंभ असेल तेव्हाच काय तो बदल. टुकटुक एक मंदिर दाखवून थेट रत्नांच्या दुकानात किंवा शिंप्याकडे नेते, तिथे टुकटुकवाल्याला कमिशन, आणि तुम्हाला सांगतात हे माणिक भारतात दुप्पट भावाने विकलं जाईल. आपल्या झवेरी बाजारात जाऊन विचारा मग कळेल.

फुकेत-पटायाला जेट स्की घेतलीत तर परत करताना हा ओरखडा तुम्ही पाडला म्हणून हजारो बाट मागतात, म्हणून घ्यायच्या आधी त्याच्यासमोरच चारी बाजूंनी व्हिडिओ काढा. खरं तर नकाच घेऊ. स्कूटरसाठी डिपॉझिट म्हणून पासपोर्ट कधीच द्यायचा नाही, रोख डिपॉझिट आणि झेरॉक्सवर जो देईल त्याचीच घ्यायची. टॅक्सीत मीटर म्हणायचं, नाही म्हणाला तर पुढची. टूरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५.

आणि तरीही गेलंच तर

बायकोच्या मावशी गेल्या वर्षी एका ग्रुपबरोबर गेल्या होत्या. हॉटेलातला सकाळचा नाश्ता, पर्स खुर्चीवर ठेवून टोस्ट आणायला उठल्या, वीस पावलं, परत येईपर्यंत पर्स गेलेली. आत पासपोर्ट, ३०० युरो, गॉगल, गोळ्या. हॉटेलचा नाश्ता आणि चेक-इनच्या वेळची लॉबी या दोन जागा आपल्या लोकांना सुरक्षित वाटतात, कारण हॉटेल आपलं असतं. पण नाश्त्याच्या हॉलमध्ये कोणीही बाहेरचा माणूस कॉफीचा कप हातात घेऊन फिरू शकतो, आणि लॉबीत चाळीस बॅगांचा ढीग पडलेला असताना सगळे खोल्यांच्या चाव्यांसाठी गलका करत असतात.

अशा वेळी क्रम महत्त्वाचा. आधी कार्डं बंद करा, दुसऱ्याच्या फोनवरून का होईना, आणि बँकेकडून तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही असा व्यवहार झाला असेल तर बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर भुर्दंड तुमच्यावर येत नाही, पिन कार्डाबरोबर चिठ्ठीवर लिहून ठेवला असेल तर मात्र ती तुमचीच चूक. मग पोलीस. पोलीस चोर पकडतील म्हणून जायचं नसतं, तो कागद हातात यावा म्हणून जायचं. स्पेन आणि इटलीत त्याला देनुन्सिया किंवा देनुन्चा म्हणतात, एवढा शब्द सांगितला तरी काउंटरवरचा माणूस फॉर्म काढतो. त्या कागदाशिवाय दूतावासातही अडतं आणि इन्शुरन्समध्येही.

मग भारतीय दूतावास. पासपोर्ट गेला तर दोन रस्ते, एक नवीन पासपोर्ट, त्याला वेळ लागतो, दुसरा इमर्जन्सी सर्टिफिकेट, ते लवकर मिळतं पण त्यावर फक्त भारतात परत येता येतं, पुढचे देश विसरायचे. मावशींचं तेच झालं, ग्रुप स्वित्झर्लंडला गेला आणि त्या दूतावासात. पण झेरॉक्स, फोटो आणि पोलिसांचा कागद हातात होता त्यामुळे फार हाल झाले नाहीत, बरोबरच्या दुसऱ्या एका काकूंकडे झेरॉक्स नव्हती, त्यांचा मुलगा रात्री दोनला उठून नाशिकहून कपाटातले कागद शोधून पाठवत होता.

इन्शुरन्सला शक्य तर त्याच दिवशी ईमेल करा, शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, पॉलिसी घेतलेलीच असते पण त्यात सक्ती फक्त ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाची आहे, पासपोर्ट नि सामानाचं कव्हर घेतलंय का ते जायच्या आधी वाचून ठेवा. दूतावासाची फी, तिथवर जायचं भाडं, सगळ्याच्या पावत्या ठेवा. मावशींना पासपोर्टचा खर्च अडीच महिन्यांनी मिळाला. त्या ३०० युरोंचं कोणी नाव काढलं नाही, रोख रक्कम त्यांच्या पॉलिसीत नव्हतीच, आणि गॉगलची पावती सापडली नाही.